पाडव्याच्या स्वागतयात्रेत घरच्या सगळ्यांनी काम करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: घरात नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा दरवर्षी कडेला उभं राहून बघतो, यंदा सगळ्यांनी मिळून स्वयंसेवक म्हणून काम करायचं आहे. कुठलं काम घ्यावं, तयारी काय करावी, पोरांना आणि आजींना झेपेल का?

झेपेल. पण चालत्या यात्रेतलं काम मागू नका, एक चौक मागा.

कारण साधं आहे. तीन किलोमीटरची यात्रा कागदावर तासाभराची दिसते. प्रत्यक्षात पालखी थांबते, लेझीमवाले चौकात रिंगण धरतात, मागचे खोळंबतात, मग पुढचे निघाले की मागचे धावतात. अडीच-तीन तास सहज जातात. सात वर्षांचं पोर पहिल्या तासात कंटाळतं आणि दुसऱ्या तासात कडेवर येतं. मग एक मोठा माणूस तिच्यात अडकतो, दुसरा आजींचा हात धरून चालतो, आणि यादीत पाच स्वयंसेवक असूनही समितीच्या हाती कोणीच लागत नाही. चौकात मात्र जागा ठरलेली, सावली ठरलेली, खुर्ची आहे, जवळ स्वच्छतागृह आहे आणि यात्रा तुमच्यापर्यंत चालत येते. शिवाय समित्यांना तुटवडा असतो तो याच माणसांचा. फेटा बांधून पुढे मिरवायला सगळे तयार असतात, साडेनऊच्या उन्हात पेले विसळायला कोणी मिळत नाही.

कोणाला भेटायचं? डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली ही यात्रा सुरू केली आणि पुढे ठाणे, गिरगावपासून राज्यभरातल्या शहरांनी ती उचलली. बहुतेक ठिकाणी रचना तशीच आहे: मध्यवर्ती समिती एखाद्या देवस्थानाशी किंवा न्यासाशी जोडलेली आणि तिच्याखाली संस्था, मंडळं, व्यायामशाळा, सोसायट्या. मोठ्या शहरात वेगवेगळ्या भागांतून उपयात्रा निघून मुख्य यात्रेला मिळतात. तुमचं काम पडणार ते तुमच्या भागाच्या प्रमुखाशी, मध्यवर्ती समितीशी नव्हे. महाशिवरात्रीच्या सुमारास, म्हणजे पाडव्याच्या महिनाभर आधी, बैठका जोरात असतात; तेव्हा जा. होळी झाली की उरतात फक्त पंधरा दिवस. तोवर कामं वाटून झालेली असतात आणि उशिरा आलेल्याला ‘या तुम्ही, बघू काहीतरी’ एवढंच ऐकायला मिळतं.

जाताना चार गोष्टी सांगा: किती जण, वयं काय, किती ते किती मोकळे, आणि गाडी आहे का. ‘काहीही काम द्या’ असं म्हणू नका. त्याने प्रमुखाची सोय होत नाही, उलट त्याच्या डोक्याला एक काम वाढतं. ‘आम्ही अमुक चौकातलं पाण्याचं टेबल आणि त्यानंतरची सफाई पहाटे सहा ते अकरा पूर्ण सांभाळतो’ असं म्हणा, तो लगेच वहीत लिहून घेईल.

तारखेचाही विचार करा. पाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. अधिक महिना आला की तारीख अठरा-एकोणीस दिवस पुढे सरकते, नाहीतर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते. २०२६चा पाडवा १९ मार्चला, त्या वर्षी अधिक ज्येष्ठ, म्हणून २०२७चा थेट ७ एप्रिलला. मार्चचा पाडवा असेल तर दहावी-बारावीची परीक्षा चालू किंवा नुकती संपलेली असते, एप्रिलचा असेल तर शाळेची वार्षिक परीक्षा तोंडावर आणि ऊन जास्त. तेरा वर्षांच्या मुलाला काम वाटून देण्याआधी त्याचं वेळापत्रक बघा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पहाटे चारला उठवलेला मुलगा पुढच्या वर्षी येत नाही.

आता चौकातलं काम. पाणी हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त फसणारं. वीस लिटरच्या जारमध्ये दोनशे मिलीचे शंभर पेले बसतात. सांडणं आणि हात धुणं धरून ऐंशीच मोजा. मध्यम गर्दीच्या चौकात हजार पेले जातात, म्हणजे बारा-तेरा जार. ते आदल्या रात्रीच आणून ठेवा, कारण पहाटे पाचनंतर रस्ते बंद होतात आणि जारवाल्याचा टेम्पो आत येऊ शकत नाही. हा घोळ दर वर्षी कुठल्या ना कुठल्या चौकात होतोच. जार ठेवायला चौकातल्या दुकानदाराची किंवा सोसायटीच्या वॉचमनची परवानगी आधी घ्या. टेबल रस्त्याला लागून नको, फूटपाथच्या आतल्या कडेला हवं. लागून असलं की लोक यात्रेतून फुटून टेबलाभोवती कोंडाळं करतात आणि मागची रांग तुंबते. चालणाऱ्यांना तबकातून पुढे नेऊन द्या, कडेला उभ्या असलेल्यांना टेबलावर येऊ द्या.

पेले स्टीलचे असतील तर उत्तम. दोनशे पेले, तीन टब: पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात शेवटचं स्वच्छ. तिसऱ्याचं पाणी दर शंभर पेल्यांनंतर बदला, नाहीतर तिसरा टब हा दुसराच टब होऊन बसतो. धुण्याचं पाणी जारमधलं वापरू नका, नळाची सोय आधी बघून ठेवा. प्लॅस्टिकच्या पेल्यांचा विचारही नको, त्यांवर बंदी आहे. कागदी पेलेच घ्यायचे ठरले तर टेबलाजवळ एकच कचराकुंडी ठेवून भागत नाही. चालता चालता पाणी पिऊन माणूस चाळीस-पन्नास पावलांवर पेला टाकतो, त्यामुळे दुसरी आणि मोठी कुंडी तिथे हवी.

सरबत द्यायचं असेल तर कोकम सोपं. एकास चार या प्रमाणाने तीन लिटर आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) साखरपाकात बारा लिटर पाणी, पंधरा लिटर तयार; दीडशे मिलीचे शंभर पेले. चवीला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. बर्फाची लादी सरबतात टाकू नका. लादीचा बर्फ बहुधा खाण्यासाठी बनवलेला नसतो आणि पोटं बिघडतात ती त्यानेच. लादी टबात ठेवून तिच्यात सरबताची टाकी बसवा. पन्हं लोकांना जास्त आवडतं, पण कैऱ्या उकडून गर काढण्यात आदला दिवस जातो. घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी असेल तरच त्या वाटेला जा.

कडुलिंबाचा प्रसाद आजींकडे द्या. हे त्यांचं हक्काचं काम, बसून करायचं आणि त्यांच्याइतकं कोणाला जमणार नाही असं. माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर, धरला तर पाचशे जणांना अडीच किलो लागतो. प्रमाण असं: हरभऱ्याची डाळ सहाशे ग्रॅम (पाच तास भिजून सव्वा किलोच्या आसपास होते), किसलेला गूळ सातशे, कडुलिंबाची कोवळी पानं आणि फुलोरा मिळून दोनशे, घट्ट चिंचेचा कोळ अडीचशे, ओवा पन्नास, जिरे पन्नास, मीठ चाळीस ग्रॅम आणि दहा ग्रॅम हिंग. डाळ निथळून भरड वाटायची, गंध करायची नाही. अख्खी डाळ लहानग्यांच्या घशात अडकते, म्हणून भरड तरी हवीच. पानं जून असली की प्रसाद इतका कडू होतो की लोक रस्त्याच्या कडेला टाकतात. लालसर कोवळी पालवीच घ्या आणि ती आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्यात ठेवा. भिजवलेल्या डाळीचा प्रसाद उन्हात तीन-चार तासांपुढे टिकत नाही. म्हणून पहाटे कालवायचा, दोन डब्यांत भरायचा आणि दुसरा डबा सावलीत झाकून ठेवायचा. चिंचेचा कोळ दुसऱ्या डब्यात वाटायच्या वेळीच घाला, आधी घातला तर पाणी सुटून लगदा होतो. हातावर चमच्याने वाढा, लोकांना डब्यात हात घालू देऊ नका.

रांगोळी हे काम रात्रीचं. दहा फूट व्यासाची संस्कारभारतीची रांगोळी काढायची तर ते साधारण अठ्ठ्याहत्तर चौरस फूट होतं. सपाट जमिनीवर किलोभर रंग सात चौरस फुटांना पुरतो, म्हणजे अकरा किलो. पण डांबरी रस्ता खडबडीत, खळग्यांत रंग जिरतो. चौदा-पंधरा किलो रंग आणि वरच्या रेषांना चार किलो पांढरी रांगोळी घेऊन ठेवा. वर्तुळ आखायला पाच फुटांची सुतळी आणि खडू. सुती दोरा घेऊ नका, तो ताणला जातो आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. रस्ता संध्याकाळीच झाडून-धुऊन घ्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल राहिली की रंग डागाडागांनी बसतो. रंग चाळणीने पातळ, सारखा पसरायचा. एक जण चाळणी धरेल, दुसरा मागून कड सावरेल. मग बोटांतून पांढऱ्या रेषा: आधी मध्य, मग बाहेर. उलट केलं तर आत जाताना स्वतःच्याच रेषा पायाखाली येतात. चार सवयीच्या माणसांना तीन तास लागतात, नवख्यांना पाच. चाळताना सगळ्यांनी नाकावर रुमाल किंवा मास्क लावा, ती बारीक दगडाची पूड असते. दम्याचा त्रास असलेल्याला या कामात घेऊच नका.

सगळ्यात महत्त्वाचं: रांगोळीपुरता रस्त्याचा तुकडा रात्रीच बंद झाल्याशिवाय तिला बसू नका. वाहतूक पोलिसांचे कठडे लागलेत हे डोळ्यांनी बघा, ‘लागणार आहेत’ या निरोपावर जाऊ नका. मुलाला न्यायचं असेल तर त्याला रंग देणं, खडू देणं अशी वर्तुळाच्या आतली कामं द्या आणि अकरा वाजता घरी पाठवा. पहाटेचं कामही त्यालाच द्यायचं असेल तर रांगोळी सोडा. दोन्ही जमत नाही.

गर्दीला रस्ता ओलांडू देणं हे दिसायला किरकोळ, पण चौकातलं खरं कौशल्य तेच. माणसं थोपवून धरली की चिडतात आणि एकेकटी घुसतात. दोन पथकांमध्ये पंधरा-वीस मीटरचं अंतर पडलं की वीस-पंचवीस जणांचा घोळका एकदम सोडा आणि मग हात आडवे करा. ढोल पथकाच्या रांगांमधून, पालखीच्या पुढून आणि चित्ररथाच्या पुढून कोणालाही सोडायचं नाही, मग तो कितीही घाईत असो. रुग्णवाहिका आली तर यात्रेने कोणत्या बाजूला सरकायचं हे समितीने आधी ठरवलेलं असतं. ते आणि शिट्टीच्या खुणा आदल्या बैठकीत विचारून पाठ करा. दोघांनी दोन वेगळ्या खुणा केल्या की यात्रा मधोमध अडकते. हे काम नवऱ्याने किंवा बायकोने, दोघांपैकी एकानेच घ्यावं. तेरा वर्षांच्या मुलाच्या आडव्या हाताला लोक जुमानत नाहीत आणि त्याच्या अंगावर वसकन ओरडतात. त्याला पाण्याचा हिशेब आणि जार बदलणं द्या, त्यात तो रमतो.

पालखीच्या औक्षणाचा मान मिळाला तर पालखी येण्याआधी निरांजन लावून तयार राहा. प्रत्येक चौकात पालखी दोन मिनिटं जास्त थांबली तर पंधरा चौकांत अर्धा तास गेला आणि तेवढा वेळ मागचे सगळे उन्हात. तबक एकच, ओवाळणारी बाई एकच. बाकीच्यांनी फुलं उधळावीत, तीही सुट्या पाकळ्या. अख्खा झेंडू डोळ्यावर बसला की लागतो आणि ओल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो, म्हणून पाण्याचं टेबल आणि फुलं उधळायची जागा एकमेकांपासून लांब ठेवा. नऊवारीचा किंवा फेट्याचा सोडलेला शेव निरांजनाजवळ येत नाही ना, हे बघायला कोणीतरी नेमा. सात वर्षांच्या मुलीला पाकळ्यांची परडी द्या. तिला दीड तासाचंच काम द्या, मग खाऊ आणि आजीजवळ बसणं, मग पुन्हा अर्धा तास.

घरची गुढी? हा प्रश्न सगळ्यांना सकाळी साडेपाचला आठवतो. यात्रा सहा-साडेसहाला निघते आणि मुंबईच्या आसपास त्या दिवसांत सूर्य उगवतो साडेसहा-पावणेसातला. म्हणजे गुढी उभारायच्या वेळी तुम्ही चौकात. दोनच मार्ग आहेत. आजी आणि एक जण घरी थांबून सूर्योदयाला गुढी उभारतील आणि साडेसातला चौकात येतील. चौकातली गर्दी साधारण तेव्हाच सुरू होते, त्यामुळे काही बिघडत नाही. किंवा शेजाऱ्यांशी ठरवा. दोन्ही बाबतीत काठी धुऊन-पुसून, खण किंवा साडी घड्या घालून, तांब्या घासून, साखरेच्या गाठी, आंब्याची डहाळी आणि कडुलिंब रात्रीच एका सुपात काढून ठेवा. श्रीखंड आदल्या दिवशी आणून फ्रीजमध्ये टाका. यात्रेहून येऊन चक्का फेटत बसायची उमेद कोणात उरत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तरीही घरातल्या कोणाला चालायचंच असेल, तर तेरा वर्षांच्या मुलाला लेझीम पथकात घाला. दोन-तीन आठवडे संध्याकाळचा सराव पुरतो. ढोल पथकाचा सराव महिना-दीड महिना चालतो, ढोलाचं ओझं कमरेवर येतं आणि बहुतेक पथकं एवढ्या लहान मुलाला घेत नाहीत. घेत असतील तरी मी घालणार नाही. आवाजाची गोष्ट चौकातही लागू आहे. पथक समोर उभं राहून वाजवायला लागलं की मुलीला घेऊन वीस-पंचवीस पावलं आत गल्लीत जा, किंवा कानाला आवाज अडवणारे जाड हेडफोन लावा. कापसाच्या बोळ्यांचा उपयोग जवळजवळ नाही. नंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज जास्त झाला होता एवढं समजा. तान्ह्या बाळांना घेऊन पथकाजवळ उभ्या राहणाऱ्या पालकांना स्वयंसेवकाने गोड बोलून मागे न्यावं, ते बिल्ल्याचं ऐकतात.

चित्ररथावर मूल बसवायचं असेल तर जरा थांबून ऐका, कारण इथे चूक झाली की ती मोठी असते. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोचा हौदा साधारण सात फूट बाय पाच फूट. त्यात सिंहासन, मागचा पडदा आणि चार पात्रं बसवली की उभं राहायला जागा उरत नाही, म्हणून पोरं कडेच्या फळीवर पाय सोडून बसतात. नेमकं तेच होऊ द्यायचं नाही. टेम्पो क्लचवर चालतो, थांबतो, पुन्हा हिसका देऊन सुटतो; त्या हिसक्याला कडेला बसलेला खाली येतो. प्रत्येक पात्राला धरायला काहीतरी घट्ट बांधलेलं हवं, चौरंग आणि स्टूल हौद्याला सुंभाने आवळलेले हवेत आणि हौद्यात पोरांखेरीज एक मोठं माणूस हवं. चारही चाकांपाशी चार माणसं चालतील, त्यांनी यात्रा संपेपर्यंत चाक सोडायचं नाही. पुढे खाली वाकून फुलं वेचणारं मूल ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून बॉनेटपुढे पाच पावलांवर पाचवा माणूस, ड्रायव्हरच्या नजरेत राहील असा. थांबवायची खूण फक्त त्याची. सजावट थर्माकोलची नको, त्यावर बंदी आहे. पुठ्ठा, बांबू, कापड वापरा, आणि उंची ठरवण्याआधी मार्गावर चालत जाऊन केबलच्या लोंबत्या तारा आणि झाडांच्या फांद्या बघून या. वर बांधलेली गुढी तारेला लागणार असेल तर ती आडवी करता येईल अशीच बांधा. छोट्या शिवबाला किंवा जिजाऊला जरीच्या पोशाखात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, दुसरं मूल तयार ठेवा.

दुचाकींच्या फेरीत बायकोला जायचं असेल तर नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचून पिन लावलेला हवा, मागे मोकळा सोडलेला पदर चाकात जातो. मंद चालीत बुलेटसारखी गाडी तापते आणि पायाला भाजते, स्कूटर बरी. फेटा आणि हेल्मेट या वादात मी पडत नाही. कायदा हेल्मेटचा आहे. फेरी सुरू होण्याच्या जागेपर्यंत आणि परतताना तरी ते डोक्यावर असू द्या.

फेट्याबद्दल एवढंच: मोठ्यांचा फेटा आठ-नऊ मीटरचा, सराईत माणसाला एक बांधायला तीन मिनिटं. सोसायटीतल्या चाळीस जणांना एकच बांधणारा असेल तर दोन तास लागतात, म्हणजे पहिला माणूस पहाटे चारला बसला पाहिजे. दोन बांधणारे बोलवा. फेट्यात बोट आत सरकलं पाहिजे, नाहीतर आठ वाजेपर्यंत डोकं ठणकायला लागतं. लहानांना शिवलेला तयार फेटा घ्या.

स्वच्छतागृहाची सोय आधी करा. चौकापासून शंभर पावलांच्या आत एखादं ओळखीचं घर, शाळा किंवा दवाखाना ठरवून त्यांना तसं सांगून ठेवा. ही सोय नसली की बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत, आणि दहाच्या सुमारास चक्कर येणाऱ्यांत त्यांचीच संख्या जास्त असते. घरून रिकाम्या पोटी निघू नका; केळं, दशमी, गूळ-शेंगदाणे, काहीतरी खाऊनच निघा. सावलीचा हिशेबही आदल्या रविवारी त्याच वेळी चौकात जाऊन करा. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी पूर्वेकडच्या इमारतींची सावली रस्त्यावर पडते, टेबल आणि आजींची खुर्ची त्या बाजूला हवी. नव्या कोल्हापुरी चपला आठ-दहा दिवस आधीपासून घालून मऊ करा. पोरांना झब्ब्याखाली बूट घाला; दिसतं कसं हे नंतर.

कोणाला घेरी आली तर त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका. बडबड असंबद्ध वाटली किंवा अंग तापून कोरडं लागलं तर वाट न बघता १०८ला फोन लावा आणि जवळच्या पोलिसाला सांगा.

मूल हरवणं हे प्रत्येक यात्रेत होतं आणि बहुतेक वेळा दहा मिनिटांत सापडतं. मुलीच्या खिशात दोन फोन नंबरांची चिठ्ठी घाला. नावाचा बिल्ला मात्र छातीवर लावू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि मूल विश्वास ठेवतं. तिला एकच गोष्ट शिकवा: आई-बाबा दिसले नाहीत तर जिथे आहेस तिथेच थांब आणि बिल्लेवाल्या काकूंना सांग. गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून घरातल्या सगळ्यांनी भेटायची एक जागा ठरवा, चौकातलं मेडिकल किंवा देऊळ. ‘यात्रेच्या शेवटी भेटू’ ही जागा नव्हे. दुसऱ्याचं मूल तुमच्याकडे आलं तर त्याला जागेवरून हलवू नका, एकाने त्याच्याजवळ बसायचं आणि दुसऱ्याने समितीच्या मांडवात कळवायचं. माइकवरून मुलाचं नाव आणि कपड्यांचा रंग दोन्ही पुकारू नका. एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवा, घ्यायला येणाऱ्याला ती विचारा, आणि मूल त्याला ओळखतं का ते बघा. कोणीच आलं नाही तर पोलीस, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक.

यात्रेची शेपटी चौकातून गेली की निम्मे स्वयंसेवक तिच्यामागे जातात. तुम्ही जाऊ नका, कारण सफाईची वेळ तीच, अजून रस्ता बंद असतो तेव्हाची. वाहतूक सुरू झाली की झाडू घेऊन रस्त्यावर उतरणं धोक्याचं आणि सुट्या रांगोळीवरून दुचाकी घसरतात ते वेगळंच. साधारण पाऊण तासाचं काम आहे. तीन पोती: फुलं-पानं एका पोत्यात, पेले आणि कागद दुसऱ्यात, रांगोळी तिसऱ्यात. रांगोळी पाण्याने गटारात लोटू नका, ती खाली बसून गटार तुंबवते. खराट्याने गोळा करून सुपलीने भरा. फुलांचं पोतं निर्माल्याच्या गाडीला किंवा सोसायटीच्या खतखड्ड्याला द्या, पण त्यातून दोरे आणि टाचण्या काढून. हातमोजे सगळ्यांना, मुलीला तिच्या मापाचे. हार तोडून दोरे वेगळे करण्याचं काम तिला आवडेल.

निघण्यापूर्वी रिकामे जार मोजून दुकानदाराच्या ताब्यात द्या, अनामत त्यावर अडकलेली असते. बिल्ले आणि शिट्ट्या प्रमुखाकडे परत करा. आणि त्याच संध्याकाळी, आठवतंय तोवर, अर्ध्या पानावर लिहून पाठवा: किती जार लागले, किती उरले, कुठे गर्दी तुंबली, प्रसाद किती वाजता संपला, कुठली तार खाली आली आहे. पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत हे अर्धं पान बाहेर निघतं आणि तुमचा चौक तुमच्याच नावावर लागतो.